मागच्या सालाला कुणाकडं होता?

ऑफर लेटर आलं त्या आठवड्यात माझी झोप जितकी उडाली, तितकी मी बेकार होते त्या चार महिन्यांतही उडाली नव्हती. पत्रासोबत एक लिंक होती. उघडली तर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म. आधार, पॅन, दहावीपासूनच्या मार्कशीट, पत्त्याचा पुरावा, हे सगळं दहा मिनिटांत अपलोड झालं. मग आला मधला भाग. मागच्या कंपनीचं नाव, एम्प्लॉयी कोड, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, शेवटचा पगार, सोडण्याचं कारण. त्याखाली रिपोर्टिंग मॅनेजरचं नाव, मोबाईल, ईमेल. प्रत्येक रकान्यापुढं लाल चांदणी, म्हणजे रिकामा ठेवला तर फॉर्म पुढं सरकत नाही.

ज्या माणसाचा नंबर त्या रकान्यात टाकायचा होता, त्यानं शेवटच्या दिवशी केबिनमध्ये मला सांगितलं होतं, "कुठं जाशील तिथं माझा फोन पोचेल. दुधाचा धंदा लहान आहे."

त्या डेअरीचं नाव इथं लिहीत नाही. पुण्याकडची, मध्यम आकाराची, रोज पिशवीतून बऱ्याच घरांत जाणारी. मी तिथं क्वालिटीला केमिस्ट होते. बी.एस्सी. झालेल्या मुलीला आमच्या भागात ज्या दोन-तीन वाटा असतात त्यातली ही एक. काम सांगायला सोपं आहे. चिलिंग सेंटरवरून टँकर आला की झाकण उघडायचं, दूध ढवळून नमुना घ्यायचा, वास, तापमान, लॅक्टोमीटर, फॅट, आम्लता, उकळून फुटतंय का ते पाहायचं, मग भेसळीच्या चाचण्या. टँकरचा ड्रायव्हर तोवर लॅबच्या दारात उभा. त्याला खाली करून परत जायचं असतं. उन्हाळ्यात त्याच्यामागं आणखी तीन टँकर. प्रॉडक्शनवाले खिडकीतून ओरडतायत. या सगळ्यांच्या मधे काचेच्या नळीत दहा मिली दूध आणि तुम्ही.

दूध आंबायला लागलं की त्याची आम्लता वाढते. ती लपवायला कुणीतरी वाटेत सोडा टाकतं. मग आम्लतेची चाचणी साळसूद उत्तर देते. पण रोझोलिक ॲसिडचे थेंब टाकले की सोडा असलेलं दूध गुलाबी-लाल होतं. स्वच्छ दुधाला तसा रंग येत नाही. हा रंग दिसला की टँकर परत, असं लॅबच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलेलं होतं. मार्च ते मे या तीन महिन्यांत मला तो रंग एकाच मार्गावरच्या टँकरमध्ये चार वेळा दिसला. तीन वेळा मी रजिस्टरला "पॉझिटिव्ह" लिहिलं आणि मॅनेजरनं टँकर तरीही आत घेतला. चौथ्या वेळी त्यानं रजिस्टर पुढं केलं आणि निगेटिव्ह लिहून सही कर म्हणाला. मी केली नाही. सही दुसऱ्या शिफ्टच्या मुलानं केली. त्या मुलाबद्दल पुढं लिहायचं आहे.

नंतरचं सगळं असल्या गोष्टींत होतं तसंच. रात्रपाळ्या लागल्या. सुट्ट्या नाकारल्या. मी राजीनामा दिला, दोन महिन्यांची नोटीस भरायची तयारी होती. आठव्या दिवशी "उद्यापासून येऊ नकोस" असं तोंडी सांगितलं. आणि महिन्याभरानं एचआरचा मेल आला की नोटीस पूर्ण न केल्यामुळं अमुक रक्कम तुमच्याकडून येणं आहे, ती भरल्यावर रिलीव्हिंग लेटर मिळेल. एकोणीस दिवसांचा पगार त्यांच्याकडं अडकलेला, आणि येणं निघालं माझ्याकडून.

मी टेंभुर्णीला घरी परत आले. पुण्याहून सोलापूरकडं जाताना हायवेवर डाव्या-उजव्या हाताला हे गाव लागतं. बहुतेकांना ते चहाला थांबायची जागा म्हणून माहीत असतं. इथून अकलूज, पंढरपूर, कुर्डुवाडी, करमाळा अशा चारी दिशांना वाटा फुटतात. पलीकडं उजनीचं पाणी, आणि त्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस. एमआयडीसीही आहे. नवी ऑफर तिथल्याच एका खाद्यपदार्थाच्या कंपनीची होती, घरापासून स्कूटीवर पंधरा मिनिटं. पगार जवळपास तेवढाच, पण पुण्यातलं कॉट बेसिसचं भाडं वाचणार. मला ही नोकरी हवी होती. इतकी हवी होती की त्या लाल चांदणीकडं पाहून पोटात गोळा यायचा.

आबांना, म्हणजे वडिलांना, मी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले. त्यांनी मधेच थांबवलं. "म्हंजी मागच्या सालाला कुणाकडं होता ते इचारत्यात. त्यात काय समजवायचं?"

आबा एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात हंगामी चिटबॉय होते. ज्यांनी ऊस पाहिलाय पण कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: कुणाच्या रानात कधीची लागण, कुणाची तोड कधी, कोणती टोळी कुठल्या फडात घालायची, याच्या चिठ्ठ्या शेतकऱ्यापर्यंत पोचवणारा हा माणूस. गावात त्याला सरपंचापेक्षा जास्त लोक चहा पाजतात, डिसेंबर ते मार्च. टोळ्या बहुतेक बीडकडच्या. वाहतुकीचा करार करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला कारखाना ॲडव्हान्स देतो, तो मुकादमाला उचल देतो, मुकादम ती कोयत्यांना वाटतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पैसे पावसाळ्यात दिले जातात, काम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. उचल घेऊन टोळी आलीच नाही तर ट्रॅक्टरवाला बुडतो, आणि दर हंगामात कुणीतरी असा बुडतोच. म्हणून उचल द्यायच्या आधी मुकादमाला पहिला प्रश्न हाच: मागच्या सालाला कुणाकडं होता? मग त्या मागच्याला फोन.

तो मागचा "चांगला हाय, कामाचा हाय" म्हणाला तर ठीक. पण तो "बाकी हाय" म्हणाला की गाडी अडली. बाकी म्हणजे न फिटलेली उचल. कुणी आजारी पडलं, बाई बाळंत झाली, अवकाळी पावसानं पंधरा दिवस तोड बंद राहिली, की उचल फिटत नाही आणि ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. बाकी असलेल्या माणसाला दुसरा कुणी घेत नाही, घेतला तर आधी बाकी भरून. त्यामुळं ज्याची बाकी त्याच्याकडंच परत. हिशोबाची वही एकाच बाजूकडं. आबांनी या वह्यांवरून झालेली भांडणं फडाच्या बांधावर बसून ऐकलेली आहेत.

माझा नोटीस-वसुलीचा मेल मी त्यांना मराठीत वाचून दाखवला. ते म्हणाले, "ही बाकी हाय. बाकी किती हाय ते नंतर बग, आधी कुणी लिवली ते बग."

त्या रात्रींत मी फोनवर या विषयाचं काय काय वाचत पडून असायचे. चिटबॉय या शब्दाचं मला लहानपणी हसू यायचं, हा चिट कुठला आणि बॉय कुठला, आबा तर चाळिशीचे. तेव्हा कळलं की इंग्रजीतला "चिट" हा आपल्या चिठ्ठीवरूनच गेलेला. साहेबांच्या काळात बटलर, खानसामे, आया यांची नोकरी सुटली की साहेब त्यांच्या वागणुकीची चिठ्ठी लिहून देई. नोकर त्या चिठ्ठ्यांचं पुडकं फडक्यात बांधून जपायचा आणि नव्या बंगल्याच्या पायरीवर उभा राहून पुढं करायचा. त्या काळच्या साहेब-मेमसाहेबांच्या लिखाणात असे किस्से पुष्कळ आहेत की माणूस मोठ्या अभिमानानं कागद काढतो, आणि आत लिहिलेलं असतं की हा चोर आहे, याला ठेवू नका. त्याला इंग्रजी वाचता येत नसतं. किस्सा सांगणारे हसतात.

मला इंग्रजी वाचता येतं. पण माझ्याबद्दल जे लिहिलं जाणार होतं ते मला कुणी दाखवणार नव्हतं. पुडकं आता नोकराच्या हातातही नाही, एवढीच प्रगती.

आणि ज्यांच्याबद्दलची चिठ्ठी ते जन्मायच्या आधीच लिहून ठेवलेली होती, अशी माणसं आमच्याच जिल्ह्यात होती. सोलापुरात कॉलेजला होते तेव्हा रिक्षावाले "सेटलमेंट" म्हणून हाक मारायचे, मला ते एखाद्या इंग्रजी कॉलनीचं नाव वाटायचं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जातीत जन्मलात की तुम्ही गुन्हेगार, असं कायद्यानं ठरवलं. पुढं सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवून सेटलमेंट वसवली. त्यातले कितीतरी जण सोलापूरच्या कापडगिरण्यांत कामाला जायचे, आणि हजेरी द्यायला परत कुंपणात. मालकानं नव्यानं विचारायचं काही उरलंच नव्हतं. मागच्या सालाला कुणाकडं होता याचं उत्तर सरकारच्या रजिस्टरात आधीच होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्यानं पुसला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. कागदावरचा पुसला. पुढच्या पिढ्यांना कामावर घेताना लोक काय विचारत राहिले ते त्या वस्तीतल्या माझ्या वर्गमैत्रिणीला विचारा. तिच्यापुढं माझी काळजी फारच लाडावलेली आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी झोप यायची नाही.

जर्मनीबद्दल वाचलं ते मात्र मजेशीर निघालं. तिथं नोकरी सोडणाऱ्याला मालकाकडून लेखी दाखला मागायचा कायदेशीर हक्क आहे. दाखला खरा असला पाहिजे आणि त्याच वेळी माणसाच्या पुढच्या वाटेत धोंडा टाकणारा नसावा, असं तिथली न्यायालयं सांगत आली. आता वाईट माणसाबद्दल खरं आणि चांगलं एकदम कसं लिहायचं? तर त्यातून एक गुप्त भाषाच तयार झाली. "सदैव आमचं पूर्णात पूर्ण समाधान केलं" म्हणजे पहिला नंबर. त्यातला "सदैव" गळला की दर्जा घसरला. "समाधान केलं" एवढंच उरलं की काठावर पास. आणि "त्यांनी प्रयत्न केले" असं लिहिलं की समजायचं, जमलं काहीच नाही. हे वाचताना मला आपल्याकडची स्थळांची चौकशी आठवली. "मुलगा मनमिळाऊ आहे, मित्रपरिवार मोठा आहे" हे ऐकलं की आमची मावशी पुढचा प्रश्न रात्री किती वाजता घरी येतो असा विचारते. जर्मन एचआरला मावशीच्या हाताखाली पाठवायला हरकत नाही.

इंग्लंडात तर १७९२ सालीच घरगड्यांच्या खोट्या शिफारशींविरुद्ध कायदा झाला होता. खोटी चिठ्ठी देणाऱ्या मालकालाही दंड, बनावट चिठ्ठी दाखवणाऱ्या नोकरालाही. पण जुन्या मालकानं निष्काळजीपणे वाईट लिहिलं तर नुकसानभरपाई मागता येते, हे ठरायला १९९४ साल उजाडलं. स्प्रिंग नावाच्या एका विमा विक्रेत्याबद्दल त्याच्या जुन्या कंपनीनं असं काही लिहून दिलं होतं की त्याला त्या धंद्यात कुणी उभं करेना. हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं की रेफरन्स देताना काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्यानंतर तिकडच्या कितीतरी कंपन्यांनी तोंडच मिटून घेतलं. तारीख, पद, संपलं.

आपल्याकडं काय आहे हे मला एका मैत्रिणीनं सांगितलं. ती हिंजवडीत एचआरला आहे आणि रोज असले रिपोर्ट हाताळते. तिनं पहिल्यांदा मला पाच मिनिटं हसून घेतलं. मग म्हणाली, अगं, व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी म्हणजे काही गुप्तहेर नाही. एका मुलीकडं दिवसाला ढीगभर केसेस असतात. ती तुझ्या जुन्या कंपनीच्या एचआरला ठरलेला मेल टाकते: तारखा बरोबर का, पद बरोबर का, पगार बरोबर का, काही येणंबाकी आहे का, शिस्तभंगाचं काही आहे का, आणि यांना परत कामावर घ्याल का. उत्तर आलं तर हिरवा, काही जुळलं नाही किंवा उत्तरच आलं नाही तर पिवळा, खोटं निघालं तर लाल. मॅनेजरला फोन करतीलच असं नाही. आणि तो मॅनेजर दिवसभर ज्याला-त्याला फोन करत बसेल एवढा तू त्याच्या आयुष्यात मोठी नाहीस.

हे शेवटचं वाक्य मला जरा लागलं. पण बरंही वाटलं.

तिनं सांगितलेल्या दोन गोष्टी उपयोगाच्या म्हणून लिहून ठेवते. रिलीव्हिंग लेटर अडकवलं असेल तर पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक एकत्र करून द्यायचं. २०१४ पासून प्रत्येकाला एकच यूएएन नंबर असतो आणि कुठं किती महिने होता हे त्यात दिसतं. दुसरं, जुनी कंपनी मुद्दाम पीएफमध्ये तुमची सोडल्याची तारीखच भरत नाही, मग नव्या कंपनीला तुम्ही दोन्हीकडं कामाला दिसता. ही तारीख २०२० पासून आपली आपल्याला आधारच्या ओटीपीवर भरता येते, फक्त शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिने थांबावं लागतं. मी भरली. ओटीपी यायला आणि आबांचं "जेवायला बस" यायला एकच गाठ पडली, आणि त्या दिवशी मी पोटभर जेवले.

"सोडण्याचं कारण" या रकान्यात मात्र दोन दिवस गेले. शंभर अक्षरांची मर्यादा. "दुधात सोडा" लिहिलं तर नव्या कंपनीला वाटणार, ही इथलंही बाहेर सांगेल. न लिहिलं तर तिकडून जे सांगितलं जाईल तेच खरं. "बेटर अपॉर्च्युनिटी" हे सगळेच लिहितात, मीही एकदा टाईप केलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं: "तपासणीच्या नोंदींबाबत मतभेद." आजही ते वाक्य मला चालतं. त्यात कुणावर आरोप नाही आणि खोटंही नाही. ज्याला विचारायचं असेल तो विचारेल.

या भीतीची किंमत मी नंतर वहीत मांडली. एकोणीस दिवसांचा पगार आणि उरलेल्या रजा मिळून चौदा हजाराच्या आसपास. व्हेरिफिकेशन चालू आहे तोवर ते मागायचे नाहीत, असं मलाच कुणी न सांगता समजलं होतं. मेल टाकला आणि समोरून चिडून काही लिहिलं तर? माझ्यासारख्या चार जणींना विचारलं. एकीनं ओव्हरटाईमचे सोडले. एकीनं नोटीसचे दोन महिने रोज बोलणी खात भरले. एकीनं त्रास देणाऱ्या सुपरवायझरविरुद्धची तक्रार निघताना मागं घेतली, कारण रेफरन्सला त्याचंच नाव. सगळ्यांना सल्ला एकच मिळालेला, गोड बोलून नीघ. जुना मालक फोन करो न करो, तो करू शकतो एवढ्यावर त्याची वसुली आधीच झालेली असते. मला वाटतं, फोनपेक्षा हेच जास्त तपासायला हवं.

आता कायदा थोडा बाजूनं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत कामावरून काढलेल्याबरोबरच राजीनामा दिलेल्यालाही दोन कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशोब मिळाला पाहिजे असं आहे. आधीच्या कायद्यात ही दोन दिवसांची मुदत मालकानं काढलेल्यापुरती होती. मी सोडली तेव्हा जुनाच कायदा होता. रुजू होऊन तीन महिने झाल्यावर मी मेल टाकला. अर्धे पैसे आले, नोटीस-वसुलीची भाषा गायब झाली, रिलीव्हिंग लेटर आजतागायत नाही.

हो, मी रुजू झाले. रिपोर्ट पिवळा आला होता. जुन्या एचआरनं तीन मेलना उत्तरच दिलं नाही. एजन्सीनं "पडताळणी होऊ शकली नाही" लिहून माझ्या स्लिपा आणि पीएफ जोडले. मॅनेजरला फोन गेला की नाही हे मला कधीच कळलं नाही. ज्या फोनची मी महिनाभर वाट पाहिली तो फोन बहुधा झालाच नाही.

दुसराच एक झाला. आमचे प्लांटहेड बार्शीकडचे आहेत, वय पन्नाशीचं, एचआरच्या पोर्टलवर त्यांचा फारसा विश्वास नाही. त्यांनी पिवळा रिपोर्ट पाहिला, बाजूला ठेवला, आणि त्यांच्या ओळखीच्या एका टँकरवाल्याला फोन लावला. त्याच्या गाड्या आमच्या जुन्या डेअरीला जायच्या. हे मला दोन महिन्यांनी, चहा पिता पिता कळलं. सर हसत होते.

"मी म्हटलं, अशी अशी एक मुलगी आहे टेंभुर्णीची, कशी आहे? तर तो म्हणतो, 'साहेब, नका घेऊ. लई कटकटी बाई. टँकर दोन-दोन तास उभा करती. आन् एकदा लिवलं की रिपोर्ट बदलत न्हाई.' मी फोन ठेवला आणि एचआरला सांगितलं, घेऊन टाका."

मी पण हसले. पण घरी येताना स्कूटीवर तेच डोक्यात फिरत होतं. त्या ड्रायव्हर-मालकानं माझी तक्रारच केली होती. ऐकणारा वेगळा असता तर त्याच शब्दांनी माझी ऑफर गेली असती. सोडा घातलेल्या दुधाचा टँकर आत घेणाऱ्या प्रत्येक प्लांटमध्ये माझ्याबद्दलचं हे खरंखुरं वाक्य मला नापास करतं. मी किती नीट काम केलं यावर काहीच अवलंबून नव्हतं, कोण कुणाला विचारतंय यावर सगळं होतं. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, मुकादमाचंबी तसंच. कोयत्यांची मजुरी बुडू देत नाही असा मुकादम असला तर त्याला काही ट्रॅक्टरवाले "त्रासाचा" म्हणतात, आणि काहीजण तोच शोधत फिरतात.

आता त्या दुसऱ्या शिफ्टच्या मुलाचं. ज्यानं चौथ्या टँकरच्या नोंदीवर सही केली तो. इंदापूर तालुक्यातला, घरी दोन बहिणी, वडील नाहीत. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा. फॅटची चाचणी त्याच्याइतक्या स्वच्छ हातानं करणारा मी दुसरा पाहिला नाही. सही केल्यावर तो चार दिवस माझ्याशी बोलला नव्हता. मीही विचारलं नाही. काय विचारणार.

गेल्या पावसाळ्यात त्याचा व्हॉट्सॲप आला. त्यानंही ती डेअरी सोडली होती, सातारकडच्या एका कंपनीत ऑफर होती, आणि फॉर्ममध्ये मॅनेजरऐवजी सीनियर सहकाऱ्याचं नाव चालतंय. "ताई, तुमचं नाव दिलंय. चालेल ना?" मी अंगठा पाठवला. पाठवल्यावर लक्षात आलं की आता प्रश्न मला येणार.

चार दिवसांनी दुपारी फोन आला. मुलगी विशीतली असावी, मागं आणखी दहा-बारा जणींचे असेच आवाज. तारखा, पद, काम, स्वभाव, वक्तशीरपणा, सगळं भराभर. मी उत्तरं दिली, खरी आणि चांगली. मग ती म्हणाली, "मॅम, इंटेग्रिटी इश्यू काही होता का? येस किंवा नो."

मी म्हटलं, एका वाक्यात सांगू का.

"मॅम, सिस्टिमला येस-नोच आहे."

तो गुलाबी रंग माझ्या डोळ्यापुढं होता, आणि पुढं केलेलं ते रजिस्टरही. सही त्याची होती, पण रजिस्टर त्यानं पुढं केलेलं नव्हतं. त्याच्या वर बसलेल्या माणसाबद्दल हा फॉर्म काही विचारत नव्हता. मी "नो" म्हटलं. मग म्हटलं, खाली शेऱ्याची जागा असेल तर लिहून घे: मुलाचं काम उत्तम आहे, तपासणीच्या नोंदीत त्याच्यावर वरून दबाव येणार नाही एवढं बघा. पलीकडं कीबोर्डचा आवाज आला, थोडा वेळ. तिनं सगळं लिहिलं की नुसतं "गुड" लिहिलं, कळायला मार्ग नव्हता. "थँक यू मॅम, यांना रीहायर कराल का?"

याला मला विचार करावा लागला नाही.

संध्याकाळी त्याला फोन लावला. फोनवर मी काय सांगितलं ते त्याला सांगायचं होतं, शेऱ्यासकट, कारण माझ्याबद्दल कोण काय बोललं हे मला दोन महिने कुणी सांगितलं नव्हतं. तो एसटीत होता, मागं कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता, निम्मं ऐकू येत नव्हतं. "इंटेग्रिटीचं विचारलं त्यांनी," मी म्हटलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, रात्री लावतो. इथं नको."